भुयारातली वाट आणि नवखा प्रवासी

मोठ्या शहरात पहिल्यांदा आलेला माणूस जमिनीवर वाट शोधत असतो तेव्हा सूर्य कोणत्या बाजूला आहे, नदी कुठून वाहते, देवळाचा कळस किंवा गिरणीचे धुराडे कोणत्या दिशेला दिसते, यांवरून त्याला आपल्या जागेचा अंदाज बांधता येतो आणि तेवढ्यानेही भागले नाही तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारता येते. भुयारी रेल्वेत उतरताच हे सगळे आधार एकदम सुटतात. दोन्ही बाजूंना सारखीच भिंत, सारखाच बोगदा आणि सारखीच गाडी असते. शिवाय एकाच जिन्यावरून उतरल्यावर डावीकडे वळायचे की उजवीकडे, एवढ्या एका निर्णयावर माणूस शहराच्या कोणत्या टोकाला पोचणार हे ठरते. भुयारी रेल्वेचा इतिहास लिहिताना बोगदे, इंजिने आणि भांडवल यांचा विचार भरपूर झाला आहे. परंतु परक्या माणसाला कोणालाही न विचारता त्या बोगद्यांतून वाट काढता यावी, यासाठी जी खुणांची व्यवस्था उभी राहिली, तिलाही स्वतःचा इतिहास आहे. ही व्यवस्था रेल्वेबरोबर जन्मली नाही. ती लंडनमध्ये सुमारे अर्धशतकाच्या गोंधळानंतर, आणि परोपकारापेक्षा धंद्याच्या गरजेतून, आकाराला आली.

जगातली पहिली भुयारी रेल्वे असलेली लंडनची मेट्रोपॉलिटन रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी लोकांसाठी खुली झाली. पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन स्ट्रीट हा सुमारे सहा किलोमीटरचा मार्ग रस्ता उकरून, त्यात विटांची कमान बांधून आणि वरून पुन्हा रस्ता बुजवून तयार करण्यात आला होता. लंडन शहराच्या महापालिकेचे विधी सल्लागार चार्ल्स पिअर्सन यांनी या कल्पनेचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, पण उद्‌घाटनाच्या काही महिने आधीच, १८६२ मध्ये, त्यांचे निधन झाले. एकच मार्ग आणि सातच स्थानके असल्यामुळे या रेल्वेत चुकीच्या मार्गावर जाण्याची भीती नव्हती; अडचण होती ती आपले स्थानक ओळखण्याची. गाड्या वाफेच्या इंजिनांवर चालत आणि डब्यांत गॅसचे दिवे असत, त्यामुळे धुराने भरलेल्या फलाटावरचे काही स्पष्ट दिसणे कठीण होते. रेल्वेचे हमाल स्थानकाचे नाव मोठ्याने पुकारत, परंतु दिवसभर तेच नाव घोकून त्याची अक्षरे इतकी झिजलेली असत की नवख्याला त्यातून अर्थबोध होणे अवघड जाई. भिंतीवर नाव रंगवलेले असे खरे, पण त्याच भिंतीवर मोहरी, साबण आणि औषधे यांच्या जाहिराती नावाच्या फलकापेक्षा मोठ्या अक्षरांत लावलेल्या असत, आणि कंपनीला त्यांचे भाडे मिळत असल्याने त्या हटवण्याची कोणाला घाई नव्हती.

दुसरी कंपनी आली तेव्हा या गोंधळाला नवे परिमाण मिळाले. १८६८ मध्ये डिस्ट्रिक्ट रेल्वे सुरू झाली आणि १८८४ मध्ये दोन्ही कंपन्यांचे मार्ग जोडून मध्य लंडनभोवती ‘इनर सर्कल’ नावाचे वर्तुळ पूर्ण झाले. वर्तुळाला शेवटचे स्थानक नसते, त्यामुळे अमुक ठिकाणची गाडी असे सांगण्याची सोयच उरली नाही. बाहेरच्या लोहमार्गावरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि आतल्या लोहमार्गावरून उलट दिशेने गाड्या धावत. बाहेरचा मार्ग मुख्यतः मेट्रोपॉलिटनकडे आणि आतला डिस्ट्रिक्टकडे होता. या दोन कंपन्यांमध्ये इतके वैर होते की सामायिक मार्गावरही प्रत्येकीला तिकीट आपलेच खपावे असे वाटे, आणि जवळच्या स्थानकाला निघालेल्या अजाण प्रवाशाला आपल्या गाडीने उरलेल्या वर्तुळाची प्रदक्षिणा घालून पाठवण्यातही तिकीटविक्रेत्यांना गैर वाटत नसे. इथे प्रवाशाची दिशाभूल केवळ अंधारामुळे होत नव्हती. दोन मालकांच्या स्पर्धेत योग्य माहिती देणे हे कोणाचेच काम नव्हते.

१८९० मध्ये सिटी अँड साउथ लंडन रेल्वे सुरू झाली आणि भुयारी प्रवास आणखी खोल गेला. लंडनच्या चिकणमातीत लोखंडी कड्यांचे अस्तर असलेले गोल बोगदे खणून त्यांतून विजेवरच्या गाड्या चालवण्याचा हा पहिला यशस्वी प्रयोग होता. बोगद्याच्या या नळीसारख्या आकारामुळेच पुढे या साऱ्या रेल्वेला ‘ट्यूब’ हे लोकप्रिय नाव मिळाले. बोगद्यात पाहण्यासारखे काही नाही, मग खिडक्या कशाला, असा विचार करून या गाडीच्या डब्यांना छताजवळ केवळ अरुंद फटी ठेवण्यात आल्या. परिणामी आत बसलेल्याला स्थानक दिसतच नसे, आणि दोन डब्यांमधल्या जाळीच्या दाराशी उभा असलेला कर्मचारी प्रत्येक स्थानकाचे नाव पुकारील त्यावर विसंबून राहावे लागे. गाद्यांनी मढवलेल्या या डब्यांना लोकांनी वेड्यांच्या कोठड्यांची उपमा दिली. मात्र याच कंपनीने नवख्याचे एक ओझे हलके केले. कुठूनही कुठेही जाण्यासाठी दोन पेन्स हे एकच भाडे ठेवून, वर्ग आणि अंतर यांचा हिशेब न करता, फिरत्या दारातून प्रवाशाला आत सोडण्याची पद्धत तिने सुरू केली. १९०० मध्ये सुरू झालेल्या सेंट्रल लंडन रेल्वेनेही आरंभी हेच भाडे ठेवले आणि ती ‘टूपेनी ट्यूब’ म्हणून प्रसिद्धीस आली.

१९०६ आणि १९०७ या दोन वर्षांत अमेरिकी भांडवलदार चार्ल्स टायसन यर्क्स याने जमवलेल्या पैशातून आणखी तीन खोल मार्ग खुले झाले. यर्क्स स्वतः १९०५ मध्येच मरण पावला होता. या मार्गांवरील स्थानकांचे वास्तुकार लेस्ली ग्रीन यांनी रस्त्यावरच्या दर्शनी भागाला गर्द तांबडी, चकचकीत फरशी लावली, त्यामुळे घरांच्या रांगेतून स्थानक दुरूनच वेगळे उठून दिसू लागले. खाली फलाटावर त्यांनी प्रत्येक स्थानकाला फरशांचा वेगळा रंग आणि वेगळी नक्षी दिली आणि स्थानकाचे नावही फरशीतच भाजून घेतले. रोज येणाऱ्या प्रवाशाला मान वर न करताही हिरवे पट्टे दिसले की उतरायचे, एवढे कळू लागले. स्थानकाची ओळख पुकारणाऱ्या माणसाच्या घशातून काढून भिंतीवर आणण्याचा हा पहिला पद्धतशीर प्रयत्न म्हणता येईल. तरी त्याला एक मर्यादा होती. जो आधी येऊन गेला आहे त्याला रंग आठवतो. पहिल्यांदाच येणाऱ्याला मात्र रंगाचा अर्थ सांगणारे कोणी नसते.

नव्या मार्गांवर अपेक्षेइतके प्रवासी आले नाहीत, आणि इथूनच या इतिहासाला खरे वळण लागले. विजेच्या ट्राम आणि मोटारबस यांच्या स्पर्धेत यर्क्सची कंपनी दिवाळ्याच्या उंबरठ्यावर पोचली. कामावर जाणारे नेहमीचे लोक सकाळ-संध्याकाळ गाड्या भरत होते. परंतु दुपारच्या, रात्रीच्या आणि रविवारच्या रिकाम्या गाड्या भरायच्या तर खरेदीला, नाटकाला किंवा सहलीला निघालेल्या, म्हणजेच वाट ठाऊक नसलेल्या, माणसाला खाली उतरवणे भाग होते. अशा माणसासमोर एकाच शहराचे सात-आठ कंपन्यांचे वेगवेगळे नकाशे ठेवले तर तो बसने जाणेच पसंत करील, हे सर्वांना उमगले. १९०८ मध्ये बहुतेक कंपन्यांनी आपापले वैर बाजूला ठेवून ‘अंडरग्राउंड’ हे सामायिक नाव स्वीकारले, ते सर्व स्थानकांच्या दारावर लावले आणि प्रत्येक मार्गाला वेगळा रंग दिलेला एक एकत्रित नकाशा फुकट वाटायला सुरुवात केली. प्रवाशाच्या दृष्टीने अनेक कंपन्यांची एक रेल्वे झाली. कागदोपत्री एकीकरण व्हायला मात्र १९३३ साल उजाडावे लागले.

याच सुमारास प्रसिद्धी खात्याची सूत्रे फ्रँक पिक या तरुण अधिकाऱ्याकडे आली. पिक यांचे शिक्षण कायद्याचे होते आणि चित्रकलेशी त्यांचा धंद्याने संबंध नव्हता. परंतु प्रवाशाच्या डोळ्यांनी फलाटाकडे पाहण्याची त्यांची शिस्त असाधारण होती. गाडी स्थानकात शिरताना खिडकीतून जाहिरातींच्या गर्दीत नाव शोधावे लागते, हे पाहून त्यांनी जाहिरातींसाठी ठरावीक चौकटी नेमून दिल्या आणि बाकीची भिंत मोकळी केली. १९०८ मध्ये नावाचा नवा फलक आला. त्यात एका भरीव तांबड्या वर्तुळावर निळी आडवी पट्टी आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत स्थानकाचे नाव होते, आणि असे फलक फलाटाच्या लांबीवर ठरावीक अंतराने लावल्यामुळे कोणत्याही डब्यातून एक तरी फलक दिसेल याची निश्चिती झाली. या फलकाचे आकर्षण त्याच्या सौंदर्यापेक्षा त्याच्या एकमेव असण्यात होते. कोणत्याही साबणाच्या किंवा चहाच्या जाहिरातीला तो आकार वापरता येत नसल्यामुळे, तांबडे वर्तुळ दिसले की तिथे स्थानकाचेच नाव असणार, ही खूणगाठ एकदाच बांधली की पुरे होती.

आकार ठरला तरी अक्षरांचा प्रश्न उरला होता, कारण जाहिरातीत वापरली जाणारी अक्षरवळणेच सूचनांसाठीही वापरली जात. पिक यांनी हे काम एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराकडे सोपवले, आणि १९१६ पासून त्यांची अक्षरे स्थानकांत दिसू लागली. रोमन लिपीच्या छपाईत अक्षरांच्या टोकांना ज्या बारीक आडव्या रेघा असतात त्यांना सेरिफ म्हणतात. जॉन्स्टन यांनी त्या पूर्णपणे काढून टाकल्या, परंतु अक्षरांची प्रमाणे प्राचीन रोमन शिलालेखांतल्या मोठ्या अक्षरांवरून घेतली, त्यामुळे अक्षर साधे असूनही बोजड झाले नाही. त्यांचे ‘ओ’ हे अक्षर नेमके वर्तुळ आहे, आणि लहान ‘आय’वरचा ठिपका गोल नसून तिरका उभा केलेला चौकोन आहे. नावाच्या फलकातले भरीव वर्तुळही त्यांनीच पुढे पोकळ करून तांबडे कडे केले, आणि तेच आज लंडनच्या साऱ्या सार्वजनिक वाहतुकीचे चिन्ह आहे. काळाच्या ओघात किरकोळ फेरफार झाले, तरी शंभराहून अधिक वर्षे एका शहराची वाहतूक एकाच अक्षरवळणात बोलत आली आहे, असे उदाहरण दुर्मीळ आहे.

नाव ओळखता आले तरी तिथवर पोचण्यासाठी आणखी काही निर्णय घ्यावे लागतात, आणि खोल स्थानकांत हे निर्णय एकामागून एक येतात. १९११ मध्ये अर्ल्स कोर्ट स्थानकात लंडनच्या भुयारी रेल्वेतला पहिला सरकता जिना बसवला गेला आणि हळूहळू लिफ्टची जागा जिन्यांनी घेतली. लिफ्टमध्ये दार उघडझाप करणारा कर्मचारी असे, त्याला विचारता येई. जिन्यावर विचारायला कोणी नसते, त्यामुळे माणसाने सांगायची गोष्ट आता फलकाला सांगावी लागली. उजवीकडे उभे राहावे आणि घाईतल्यांसाठी डावी बाजू मोकळी ठेवावी, हा लंडनचा प्रसिद्ध दंडकही सरकत्या जिन्यांबरोबरच आला. पिक आणि वास्तुकार चार्ल्स होल्डन यांच्या काळात हे तत्त्व स्पष्ट झाले की जिथे प्रवाशाला वळण निवडायचे आहे तिथे सूचना असावी, ती फक्त त्या वळणापुरती असावी, आणि दोन वळणांच्या मधल्या वाटेत त्याच्यावर आणखी माहितीचा मारा करू नये. १९२८ मध्ये पिकॅडिली सर्कस स्थानक नव्याने बांधले गेले तेव्हा रस्त्याखालीच एक प्रशस्त वर्तुळाकार दालन करून तिकिटे, दुकाने, रस्त्याकडे जाणारे जिने आणि खाली उतरणारे सरकते जिने सगळे त्याभोवती मांडण्यात आले, ते याच विचाराने.

गाडी कोणत्या बाजूला जाणार हे कसे सांगायचे, या प्रश्नाला मात्र दोन शहरांनी दोन वेगळी उत्तरे दिली. लंडनने दिशांचा आधार घेतला. फलाटावर उत्तरेकडे, दक्षिणेकडे, पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे असे लिहिलेले असते, आणि शहराची ढोबळ रचना डोक्यात असलेल्याला ते सोयीचे पडते. १९०० मध्ये सुरू झालेल्या पॅरिसच्या मेट्रोने दिशांऐवजी त्या मार्गावरच्या शेवटच्या स्थानकाचे नाव लिहिण्याची पद्धत पाळली; तिथे प्रवाशाला शहराचा भूगोल माहीत नसला तरी चालतो, पण ज्या उपनगरात त्याला कधीच जायचे नाही त्याचे नाव मात्र लक्षात ठेवावे लागते. हा भार कमी करण्यासाठी पॅरिसने १९३७ पासून काही स्थानकांत विजेचे नकाशे बसवले. नकाशाखाली स्थानकांच्या नावांची बटणे असत, आणि जायच्या स्थानकाचे बटण दाबले की तिथवरचा मार्ग, गाडी बदलण्याच्या जागांसह, बारीक दिव्यांच्या रांगेने उजळून निघे. प्रवाशाचा प्रश्न ओळखून फक्त त्याचेच उत्तर देणारे हे यंत्र संगणकाच्या कितीतरी आधी लोकांच्या हाती आले होते.

लंडनमध्ये हेच काम कागदाने केले. १९२०च्या दशकापर्यंतचे नकाशे खऱ्या अंतरांशी बऱ्याच अंशी प्रामाणिक होते, आणि तोच त्यांचा दोष होता. मध्य लंडनमध्ये स्थानके खेटून असल्याने नावांची खिचडी होई आणि उपनगरांत पसरलेले मार्ग कागदाबाहेर जाऊ पाहत. सिग्नल विभागात आरेखक म्हणून काम केलेल्या हॅरी बेक यांनी १९३१ मध्ये फावल्या वेळात एक वेगळाच आराखडा काढला. त्यात सर्व मार्ग आडवे, उभे किंवा ४५ अंशांत तिरके होते, स्थानकांमधली अंतरे जवळपास सारखी केली होती, मधला भाग फुगवून उपनगरे आकसली होती, आणि जमिनीवरच्या साऱ्या गोष्टींपैकी फक्त थेम्स नदी ठेवली होती. प्रसिद्धी खात्याने हा नकाशा अतिधाडसी म्हणून प्रथम नाकारला. पुढच्या वर्षी तो पुन्हा विचारात घेतला गेला, आणि जानेवारी १९३३ मध्ये त्याच्या सात लाखांहून अधिक खिसाप्रती छापून लोकांचे मत मागवण्यात आले. त्या इतक्या झपाट्याने संपल्या की लगेच पुन्हा छापाव्या लागल्या. बेक यांचा मुद्दा असा होता की जमिनीखाली असलेल्या माणसाला आपण नेमके कोणत्या रस्त्याखाली आहोत याच्याशी कर्तव्य नसते. पुढे किती स्थानके आहेत आणि कुठे बदलायचे, एवढेच त्याला हवे असते.

या सोयीची किंमतही होती, आणि ती मुख्यतः नवख्यानेच मोजली. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर जेमतेम पाव किलोमीटरचे आहे, परंतु नकाशावर ते इतर अंतरांसारखेच दिसत असल्याने आजही अनेक पाहुणे पाच मिनिटांच्या चालीसाठी खोल उतरून गाडी पकडतात. नावेही नकाशाप्रमाणेच शहराविषयी गैरसमज पसरवू शकतात. १९३७ मध्ये एका मार्गाला ‘नॉर्दर्न’ म्हणजे उत्तरेचा मार्ग असे नाव देण्यात आले, आणि संपूर्ण जाळ्यातले अतिदक्षिणेचे स्थानक, मॉर्डन, नेमके त्याच मार्गावर आहे. तरीही लंडनकरांच्या मनातला लंडनचा आकार बेक यांच्या नकाशाने इतका घट्ट बसवला की सप्टेंबर २००९ मध्ये नव्या आवृत्तीतून थेम्स नदी वगळली गेली, तेव्हा लोकांनी केलेल्या तक्रारींपुढे प्रशासनाला नमते घ्यावे लागले आणि काही महिन्यांतच नदी नकाशावर परत आली. खुद्द बेक यांना आरंभी अगदी किरकोळ मोबदला मिळाला होता. १९६० मध्ये त्यांना डावलून दुसऱ्याचा नकाशा छापला गेला आणि १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. आज मात्र प्रत्येक प्रतीवर मूळ कल्पना त्यांची असल्याची नोंद असते.

लंडन आणि पॅरिसच्या या साऱ्या उपायांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे प्रवाशाला वाचता येते. मेक्सिको सिटीत ४ सप्टेंबर १९६९ रोजी मेट्रो सुरू झाली तेव्हा हे गृहीत धरून चालणार नव्हते, कारण खेड्यांतून आलेल्या कष्टकऱ्यांचा फार मोठा वर्ग निरक्षर होता. भारतात मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावाशेजारी जसे निवडणूक चिन्ह असते, तसे तिथे प्रत्येक स्थानकाच्या नावाबरोबर एक स्वतंत्र चित्र देण्यात आले. अमेरिकी रेखनकार लान्स वायमन आणि त्यांच्या मेक्सिकन सहकाऱ्यांनी ही चित्रे त्या त्या जागेच्या इतिहासातून निवडली. मोठा बाजार असलेल्या मेर्सेड स्थानकाला फळांची पेटी मिळाली, चापुल्तेपेकला तिथल्या जुन्या नावातला टोळ मिळाला, आणि पिनो सुआरेस इथे बोगदा खणताना सापडलेले अ‍ॅझ्टेक काळातले छोटे मंदिर स्थानकात जसेच्या तसे जपून त्याचेच चित्र स्थानकाचे चिन्ह झाले. मॉस्कोने वेगळी वाट काढली. तिथे केंद्राकडे जाणाऱ्या गाडीत पुरुषाच्या आवाजात आणि केंद्रापासून दूर जाणाऱ्या गाडीत स्त्रीच्या आवाजात घोषणा होतात. वर्तुळाकार मार्गावर हा फरक दोन दिशांसाठी पाळला जातो, म्हणजे इनर सर्कलने अनुत्तरित ठेवलेला प्रश्न कानाने सुटतो आणि दृष्टिहीनालाही दिशा कळते. टोकियोने २००४ पासून प्रत्येक स्थानकाला मार्गाचे अक्षर आणि क्रमांक दिला, त्यामुळे जपानी लिपी न येणाऱ्यालाही निव्वळ आकडे मोजत पुढे जाता येते.

भारतात भुयारी रेल्वेची सुरुवात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी कोलकात्यात एस्प्लनेड ते भवानीपूर या छोट्या टप्प्याने झाली. पहिल्या स्थानकांपैकी रवींद्र सदनच्या भिंतींवर टागोरांची चित्रलिपी उतरवून स्थानकाला जी ओळख दिली गेली, ती ग्रीन यांच्या फरशांच्या परंपरेतलीच आहे. पुढे मात्र कोलकात्याने नवख्याच्या वाटेत एक नवी अडचण उभी केली. टॉलीगंज स्थानकाचे नाव बदलून महानायक उत्तम कुमार करण्यात आले, आणि दक्षिणेकडच्या वाढीव मार्गावरील स्थानकांना मास्टरदा सूर्य सेन, कवी नजरुल, कवी सुभाष अशी थोरांची नावे मिळाली. स्मारक म्हणून ती उचित आहेत, परंतु गरिया किंवा बान्सद्रोणीला जायचे असलेल्या परगावच्या माणसाला यांतले कोणते स्थानक आपले, हे नावावरून कळत नाही.

महाराष्ट्रात भुयारी प्रवास याहून कितीतरी नवा आहे. पुण्यात जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये खुला झाला आणि कसबा पेठ, मंडई या जुन्या वस्त्यांखाली गाडी धावू लागली. मुंबईत कुलाबा-वांद्रे-सीप्झ हा ३३.५ किलोमीटरचा, २७ पैकी २६ स्थानके जमिनीखाली असलेला मार्ग ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. मुंबईच्या लोकल गाड्यांची विद्या आजवर मुख्यतः तोंडी परंपरेने चालत आली आहे. इंडिकेटरवरची गाडीची अक्षरे, जलद आणि धीमी यांतला फरक, फलाट कोणत्या बाजूला येणार, दारात कधी जाऊन उभे राहायचे, हे सर्व नवखा माणूस सहप्रवाशांना विचारून आणि एक-दोनदा पुढच्या स्थानकावर जाऊन शिकतो. भुयारी मेट्रोला ही सवलत घेता येत नाही. जमिनीखाली उपग्रहाचे संकेत पोचत नसल्याने मोबाइलमधला नकाशाही तिथे वाट दाखवत नाही, म्हणजे पिक यांच्या काळातल्याप्रमाणे भरवसा पुन्हा भिंतीवरच्या फलकावरच येतो. कोलकात्याचा नावांचा अनुभवही मुंबईने ध्यानात घ्यावा असा आहे. मुंबई सेंट्रलजवळच्या भुयारी स्थानकाला, १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे रेल्वे आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव देणे सर्वथा योग्य आहे. मात्र गुजरातहून आलेली गाडी सोडून मेट्रो शोधणाऱ्यासाठी वस्तीचे प्रचलित नावही त्याच फलकावर, तेवढ्याच ठळकपणे, असायला हवे.

दीडशेहून अधिक वर्षांच्या या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. भुयारी रेल्वेत परका माणूस चुकतो तो अंधारामुळे क्वचितच. बहुतेक वेळा तो चुकतो कारण माहिती देण्याची जबाबदारी अनेकांत विभागलेली असते, किंवा नावे आणि फलक ठरवणाऱ्यांनी वाट आधीच माहीत असलेल्या माणसाचाच विचार केलेला असतो. लंडनमध्ये एक नाव, एक नकाशा आणि एक अक्षरवळण आले ते रिकाम्या गाड्या भरण्यासाठी, पण त्याचा लाभ नेहमीच्या प्रवाशालाही झाला. मुंबईत आज लोकल, मोनोरेल आणि मेट्रोचे निरनिराळे मार्ग वेगवेगळ्या यंत्रणांच्या हाती आहेत, आणि त्यांच्यातली गाडी बदलण्याची वाट दाखवणे हे त्यांपैकी कोणा एकीचे काम नाही. ते कोणाचे हे ठरवणे, बोगदे खणून झाल्यावर उरलेले पहिले काम आहे.